पखाले, सत्येंद्र

(१९६७– ). ॲम्स्टरडॅमस्थित वस्तुरचनाकार. जन्म विदर्भातील वाशीम येथे. नागपूरला अभियांत्रिकी, मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्पाचे आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये डिझाइनचे शिक्षण घेऊन ते काही काळ फिलिप्स कंपनीत होते. १९९८ मध्ये त्यांनी ॲम्स्टरडॅमला स्वतःचा स्टुडिओ काढला.

‘बी. एम. हॉर्स चेअर’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कृती. ‘बी. एम.’ म्हणजे बेल मेटल, तांबे व कथील यांचा मिश्रधातू. मध्य भारतातील ढोकरा कारागीर ज्या रीतीने ओतकाम करतात, त्याच रीतीने ही खुर्ची घडली. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे शेजारी शेजारी गुंडाळायचे, वरून मातीचे लेप द्यायचे आणि साचा भट्टीत तापवायचा. मेण वितळून जाते व त्याच्या जागी धातूचा रस उतरतो. मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एकासारखी दुसरी कधीच निघत नाही. मोहेंजोदडोची नर्तकी याच तंत्राने घडली. ती जेमतेम १०.५ सेंमी. उंच आहे. ढोकऱ्याचे घोडे, दिवेही बहुधा हातात मावणारे. माणूस बसेल एवढे ओतकाम करायचे तर रस सगळीकडे पोचण्याआधीच थिजण्याची भीती. २००० च्या सुमारास हाती घेतलेल्या या खुर्चीला म्हणूनच काही वर्षे लागली. बाजारात मिळणारा ढोकऱ्याचा घोडा ज्याने पाहिला आहे, त्याला ही चार पायांची खुर्ची लगेच ओळखीची वाटते. मेणाच्या धाग्यांचे वळ धातूवर तसेच उमटलेले असतात आणि हात आपोआप त्यांवरून फिरतो. कारागिरीचा नक्षीपुरता वापर करणाऱ्या अनेकांहून पखाले वेगळे ठरतात ते इथे: त्यांनी नक्षी उचलली नाही, ओतकामाची रीतच ताणून पाहिली.

अर्थात अशा खुर्च्या मोजक्याच निघतात आणि संग्राहकांकडे जातात. घरात वापरून झिजण्याचे भाग्य त्यांना नाही. सिरॅमिकच्या ‘फ्लॉवर ऑफरिंग चेअर’चेही तेच. तिच्या नावातच फुले वाहण्याची कल्पना आहे. याउलट ‘ट्यूब्ज’ या इटालियन कंपनीसाठी केलेला ‘ॲड-ऑन’ रेडिएटर (थंड हवेत खोली उबदार ठेवणारे उपकरण) सरळ घराघरांसाठी आहे. एरवी खिडकीखाली लपवली जाणारी ही वस्तू त्यांनी एकमेकांना जोडत जाणाऱ्या घटकांतून खोलीतला पडदाच करून टाकली.

आइंडहोवनच्या डिझाइन अकादमीत २००६ ते २०१० या काळात त्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे नेतृत्व केले.