पेनड्राइव्हवरून फाइलींची ने-आण

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा पोर्टेबल हार्ड डिस्क वापरून एका संगणकावरील फाइली वेगळी कार्यप्रणाली असलेल्या दुसऱ्या संगणकावर नेण्याची पद्धत. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची डिस्कवर माहिती मांडण्याची रीत, म्हणजे फाइल सिस्टीम, वेगवेगळी असते. त्यामुळे पेनड्राइव्ह पोर्टमध्ये बसला तरी फाइल उघडेलच असे नाही. इंटरनेट घरोघरी पोहोचले तरी सांगली-मिरज परिसरात लग्नाचे शूटिंग, पत्रिका आणि फ्लेक्सचे डिझाइन, एमआरआयच्या प्रतिमा असा जड ऐवज अजूनही पुष्कळदा हातोहातच फिरतो.

पेनड्राइव्ह बाजारात आले ते 2000 साली. तेव्हाच्या 8 एमबीच्या पेनड्राइव्हमध्येही 1.44 एमबीच्या पाच फ्लॉप्यांचा मजकूर मावत असे. त्या काळी फॅट32 ही मांडणी पुरेशी होती आणि आजही ती जवळजवळ प्रत्येक यंत्राला वाचता येते. मात्र तिच्यात एका फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे. लगीनसराईत विधींचे सलग शूटिंग ही मर्यादा सहज ओलांडते. मग 64 जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असूनही फाइल कॉपी होत नाही आणि ग्राहकाला पेनड्राइव्हच खराब वाटतो. त्यात बिघाड काही नसतो, फॉरमॅट बदलले की काम होते.

विंडोजची एनटीएफएस मांडणी मोठ्या फाइली घेते, पण मॅक ती मुळात फक्त वाचतो, तीवर लिहीत नाही. म्हणजे मॅकवर काम करणाऱ्या डिझाइनरला फाइल देता येते, दुरुस्त करून त्याच ड्राइव्हवर परत घेता येत नाही. लिनक्सची एक्स्ट4 आणि मॅकची एपीएफएस विंडोजला ओळखताच येत नाही. अशी डिस्क लावली की विंडोज ती फॉरमॅट करायची का, म्हणजे पुसून नव्याने मांडायची का, असे विचारते. तिथे कधीही ‘हो’ म्हणू नये. डेटा शाबूत असतो, फक्त त्या संगणकाला तो वाचता येत नसतो.

तिन्हीकडे चालणारा सर्वांत सोयीचा पर्याय एक्सफॅट हा आहे. मायक्रोसॉफ्टने तो 2006 मध्ये आणला, मॅकने 2010 मध्ये स्वीकारला आणि 2019 मध्ये त्याचा तपशील खुला झाल्यावर लिनक्सच्या कर्नेलमध्येही (मूळ गाभ्यातही) तो आला. 32 जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डे याच मांडणीत येतात. एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंदवही नसते. म्हणून ‘इजेक्ट’ न करता, म्हणजे ड्राइव्ह काढतो आहे हे संगणकाला न सांगता, तो उपसला तर फाइल अर्धवट राहते, कधी अख्खा फोल्डर जातो. कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी शंभर टक्के दाखवत असली तरी काही भाग संगणकाच्या मेमरीतून ड्राइव्हवर उतरायचा बाकी असू शकतो.

मराठी मजकुराची अडचण याहून खोल आहे आणि ती ड्राइव्ह बदलून सुटत नाही. डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली कामे वर्षानुवर्षे साठलेली असतात. या फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळे फ्लेक्सवाले ‘फाइल कर्व्ह करून आणा’ असे सांगतात: अक्षरांचे रेषाचित्र केले की फॉन्ट लागत नाही. पण मग पाहुण्याच्या नावातली वेलांटी सुधारायची झाली तर टाइप करून सुधारता येत नाही. म्हणून मूळ फाइल, कर्व्ह केलेली प्रत आणि फॉन्टसह पीडीएफ अशा तिन्ही सोबत नेणे शहाणपणाचे. कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅमची नव्या आवृत्तीतली फाइल जुनीत उघडत नाही, तेव्हा समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे हेही आधी विचारून घ्यावे. नवे काम तरी युनिकोडमध्येच करावे, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे सांकेतिक क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीत.

फाइलच्या नावांतही खाचखळगे आहेत. विसर्गासारखे दिसणारे कोलन, प्रश्नचिन्ह आणि तिरकी रेघ विंडोजला नावात चालत नाही. ‘कऱ्हाड’ हे नाव मॅकची जुनी एचएफएस प्लस मांडणी ‘ऱ’चे र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे दोन भाग करून साठवते, म्हणून दिसायला सारखी असलेली दोन नावे काही प्रोग्रॅमना वेगळी वाटतात. मॅकवरून आलेल्या ड्राइव्हवर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली दिसतात. त्या व्हायरस नव्हेत, मॅकच्या नोंदी आहेत. खरा व्हायरस बहुधा फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो. असा शॉर्टकट उघडू नये, आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासावा.

मिरजेच्या दवाखान्यांतून मिळणाऱ्या सीडी किंवा पेनड्राइव्हवर एमआरआयच्या प्रतिमा डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या ठरावीक स्वरूपात असतात. सोबतचा पाहण्याचा प्रोग्रॅम बहुधा फक्त विंडोजवर चालतो, पण प्रतिमा मॅक किंवा लिनक्सवरही दुसऱ्या डायकॉम व्ह्यूअरने उघडतात. मात्र त्यासाठी अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करावा लागतो. एकेक फाइल वेचून नेल्यास एमआरआयमधल्या काही कापांच्या (थरांच्या) प्रतिमा सुटतात आणि पुढच्या डॉक्टरांपुढे तपासणी अपुरी जाते.