रेंज फुल, तरी नेट का अडकतं?

"बेडरूममध्ये रेंज फुल आहे, तरी मीटिंग अडकते. प्लॅन वाढवून घेऊ का?" घरून काम करणाऱ्यांकडून हा प्रश्न सतत येतो, आणि विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी मेश वायफायचे, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर वायफाय पसरवणारे, दोन-तीन डबे आधीच घेतलेले असतात. माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असंच असतं. दारापर्यंत आलेलं फायबर सहसा ठणठणीत असतं. घोळ असतो तो त्यापुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये. फोनवरचं रेंजचं चिन्ह एवढंच सांगतं की फोन ज्या डब्याला जोडलाय, त्याचा सिग्नल फोनपर्यंत दणकट येतोय. तो डबा पुढे हॉलमधल्या राउटरशी कसा बोलतोय, हे त्या चिन्हात कुठेच नसतं.

आधी भिंतींबद्दल थोडं. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साधारण ६ सेंटिमीटर. विटांच्या भिंतीतून त्या बऱ्यापैकी पार होतात, पण सळया भरलेल्या आरसीसी भिंतीत १५-२० डेसिबल सहज गमावतात. २० डेसिबल गेले म्हणजे शंभरातला एकच भाग पलीकडे पोचला. कोकणातल्या जांभ्याच्या घरात भिंती जाड आणि दगड सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरणारा. पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे जुलैत माजघरातलं नेट मंदावतं ही तक्रार खोटी नसते. २.४ गिगाहर्ट्झच्या १२.५ सेंटिमीटर लांबीच्या लहरी भिंती जरा बऱ्या ओलांडतात, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्ख्या सोसायटीचे राउटर त्या तिघांवरच गर्दी करून असतात.

खोक्यावरच्या आकड्यालाही भुलू नका. 'एएक्स ३०००' म्हणजे ३००० एमबीपीएस मिळतील असं नाही. २.४ च्या पट्ट्यातले ५७४ आणि ५ च्या पट्ट्यातले २४०२ यांची ती ढोबळ बेरीज असते. फोन साधारणपणे एका वेळी एकच पट्टा वापरतो. शिवाय २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो. बरेच फोन ८० वर थांबतात, म्हणजे आकडा तिथेच निम्मा झाला. तोही राउटर समोर ठेवलेला असताना.

आता मला मनापासून आवडणारा भाग. वायफायमध्ये घरातली सगळी उपकरणं एकच गोष्ट वाटून घेतात, ती म्हणजे वेळ. एका चॅनेलवर एका क्षणी एकानंच बोलायचं, असा नियम आहे. याचं मूळ १९७१ सालच्या हवाईत सापडतं. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटानं हवाई विद्यापीठाचा संगणक वेगवेगळ्या बेटांवरच्या टर्मिनलांना रेडिओनं जोडला. पद्धत साधी होती: माहिती आली की पाठवून द्यायची, दोघांची टक्कर झाली तर काही काळ थांबून पुन्हा पाठवायची. त्या पद्धतीत चॅनेलचा जेमतेम १८ टक्के वेळ सत्कारणी लागू शकतो, हे गणितानं सिद्ध होतं. पुढे यात सुधारणा झाली: बोलण्याआधी ऐका.

वायफाय याच वंशातलं, पण त्याला एक जन्मजात अडचण आहे. ते बोलत असताना ऐकू शकत नाही. राउटर साधारण १०० मिलिवॅटनं प्रक्षेपण करतो. तोच सिग्नल दोन भिंती ओलांडून फोनपर्यंत पोचतो तेव्हा एका नॅनोवॅटच्या दहाव्या भागाइतका उरलेला असतो, म्हणजे एक अब्जांश. उलट दिशेनेही हीच तऱ्हा. स्वतः बोलत असताना त्याच चॅनेलवर अब्जपट दुबळा आवाज ओळखणं घरगुती उपकरणाला जमत नाही. त्यामुळे टक्कर झाली हे बोलता बोलता कळायची सोय नाही. मग करायचं काय? आधी शांतता आहे का ते पाहायचं, मग मनातल्या मनात एक यादृच्छिक आकडा धरून तेवढं थांबायचं, मग पाठवायचं, आणि 'पोचलं' अशी पावती येते का याची वाट पाहायची. पावती आली नाही तर थांबण्याची कमाल मर्यादा दुप्पट करायची आणि पुन्हा पाठवायचं. ही मर्यादा १५ पासून सुरू होते, मग ३१, ६३, अशी १०२३ पर्यंत जाते. यातलं एकेक माप ९ मायक्रोसेकंदांचं.

या शिष्टाचाराची किंमत मोजून बघा. नेटवरची माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. १५०० बाइटचं एक पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ६०० एमबीपीएसला ते हवेत फक्त २० मायक्रोसेकंद असतं. पण आधीची सक्तीची शांतता सुमारे ३४, यादृच्छिक थांबणं सरासरी ६७, 'मी बोलतोय' ही प्रस्तावना ४० च्या आसपास, पावतीपूर्वीची विश्रांती १६ आणि पावती २८ किंवा थोडी जास्त. बेरीज १८५ च्या घरात. वीस मायक्रोसेकंदांच्या मालाला १८५ मायक्रोसेकंदांचा उपचार! म्हणूनच वायफायच्या २००९ सालच्या ८०२.११एन मानकापासून अनेक पॅकेटं एकत्र बांधून एकाच पावतीत पाठवायची सोय आली. ६४ पॅकेटं बांधली की माल १२८० मायक्रोसेकंद आणि उपचार तेवढाच. मोठी फाइल उतरवताना नेट सुसाट धावतं ते यामुळे. व्हिडिओ कॉलची पॅकेटं मात्र छोटी आणि दर काही मिलिसेकंदांनी येणारी. ती फार वेळ बांधून ठेवता येत नाहीत, त्यामुळे स्पीड टेस्ट छान येते आणि कॉल मात्र तुटतो.

आणखी एक गोष्ट. पाळी सगळ्यांना सारखी मिळते, पण प्रत्येकाची पाळी सारख्या वेळेची नसते. ग्रामसभेत एकच माइक असावा आणि प्रत्येकाला दोनच वाक्यं बोलायची मुभा असावी, पण एक जण ती दोन वाक्यं अक्षर अक्षर सुटं करत बोलावा, तसं हे आहे. मागच्या गॅलरीतला जुना फोन ६ एमबीपीएसवर घसरला की त्याचं तेच पॅकेट हवेत २००० मायक्रोसेकंद घेतं. तुमच्या लॅपटॉपच्या शंभरपट. लॅपटॉप राउटरसमोर असला तरी तेवढा वेळ तो गप्प. नव्या राउटरांमध्ये वेळेची न्याय्य वाटणी करायचा प्रयत्न असतो, पण तो चालतो राउटर पाठवत असताना. फोन पाठवायला लागला की राउटरचं फारसं चालत नाही.

आता मेशचा दुसरा डबा आणू. हॉलमध्ये राउटर, टोकाच्या बेडरूममध्ये फोन, मधे दोन भिंती. फोन थेट राउटरशी ६० एमबीपीएसनं बोलतो असं धरा. एका पॅकेटला २०० मायक्रोसेकंद. नेट बेडरूममध्ये अडतं म्हणून बहुतेक लोक डबा बेडरूममध्येच ठेवतात. आता डबा ते फोन ६०० एमबीपीएस, म्हणजे २०, रेंज फुल. पण राउटर ते डबा त्याच दोन भिंतींमधून, म्हणजे २००. एकच चॅनेल असल्यानं दोन्ही टप्पे एकाच वेळी होऊ शकत नाहीत. एकूण २२०. पैसे खर्च करून वेळ वाढला! आता तोच डबा मधल्या पॅसेजमध्ये आणा. दोन्ही बाजूंना एकेक भिंत, दोन्ही टप्पे समजा ३०० एमबीपीएसचे: ४० अधिक ४०, एकूण ८०. फोनवरची रेंज कदाचित एक रेघ कमी दिसेल, पण काम अडीच पटींहून जास्त वेगानं होईल. डब्याचे अँटेना फोनपेक्षा सरस असतात, त्यामुळे प्रत्यक्षात पहिली मांडणी इतकी वाईट ठरत नाही, तरी हिशेबाची दिशा हीच राहते. तिसरा डबा साखळीत लावला की तिसरा टप्पा वाढला. महागड्या संचांमध्ये डब्यांनी आपापसात बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो. तो खरोखर उपयोगी आहे, पण भिंत त्यालाही तीच.

याच गोंधळात वेगळीच दुकानं चालतात. राउटरला चिकटवायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकर विकले जातात, राउटर कोणत्या दिशेला असावा याचे वास्तुसल्ले दिले जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये गोवंशासाठीच्या सरकारी राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप मोबाइलचं रेडिएशन कमी करते असा दावा केला होता. वैज्ञानिकांनी जाहीर पत्र लिहून त्याचा पुरावा मागितला. वायफायच्या एका फोटॉनची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखो पटींनी कमी असते. आणि एखादा स्टिकर खरोखर लहरी अडवत असेल, तर तो लावल्यावर नेटही बंद पडायला हवं. लोकांच्या भीतीवर पैसे कमावणारी ही फसवणूक आहे आणि तिला तसंच म्हटलं पाहिजे.

भिंतींना कंटाळून काही जण पॉवरलाइन अडॅप्टरकडे वळतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा बेडरूमच्या. डेटा विजेच्या वायरमधून जाणार. ऐकायला उत्तम वाटतं. प्रचलित होमप्लग एव्ही पद्धतीत ५० हर्ट्झच्या विजेवर साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झचा सिग्नल चढवतात, हजाराच्या आसपास बारीक बारीक वाहक-लहरींमध्ये विभागून. पण घरातलं वायरिंग दिवे-पंख्यांसाठी घातलेलं असतं. त्याला जागोजागी फाटे असतात. वायरीत १० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २० मीटर. वाटेत ५ मीटरचा एक फाटा रिकाम्या सॉकेटपाशी संपत असेल, तर सिग्नल त्या टोकावर आपटून परत येतो. जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे अर्धी लांबी. परतलेली लहर मूळ लहरीच्या नेमकी उलट पडते आणि १० मेगाहर्ट्झच्या आसपासचे वाहक जवळपास पुसले जातात. त्या सॉकेटला टेबललॅम्प लावला की टोक बदललं, खड्डा दुसरीकडे सरकला. अडॅप्टर हा नकाशा सतत नव्यानं बनवत असतो, आणि तेवढ्यात तुमचा कॉल अडखळतो.

त्यात गोंगाट. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर सेकंदाला १०० वेळा मधेच कापतो आणि प्रत्येक वेळी वायरीत एक तीक्ष्ण झटका सोडतो. पंखा पूर्ण वेगावर असताना झटका लहान, मध्यावर मोठा. टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या, कपॅसिटरवाल्या रेग्युलेटरला हा दोष नाही. मिक्सरच्या मोटरमधल्या ठिणग्या, स्वस्त चार्जर आणि एलईडी दिवे आपापली भर घालतात. स्पाइक गार्डमधले भाग तर मेगाहर्ट्झचा सिग्नलच गिळतात, म्हणून अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचा. आणि बंगल्यात थ्री-फेज जोडणी असेल, हॉल एका फेजवर आणि बेडरूम दुसऱ्यावर, तर सिग्नल एका वायरीतून शेजारच्या वायरीत जेवढा झिरपेल तेवढ्यावर भागवावं लागतं. बरं, ५०० किंवा ६०० लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरांचं नेटवर्कचं भोकच १०० एमबीपीएसचं असतं!

तेव्हा प्लॅन वाढवण्याआधी एक तपासणी करा. बेडरूममधल्या लॅपटॉपवरून राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, काही मिनिटं पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. उत्तर २ ते ५ मिलिसेकंदांत नियमित येत असेल तर दोष बाहेर आहे, कंपनीला फोन करा. मधेच १००-२०० वर उडत असेल तर दोष घरात आहे. डबा अर्ध्या वाटेवर आणा, गॅलरीतला जुना फोन वायफायवरून काढा.

आणि जमत असेल तर वायर ओढा. बहुतेक फ्लॅटमध्ये बिल्डरनं बेडरूममध्ये टीव्ही आणि टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो, आणि आता त्या पाइपमध्ये कोणी न वापरणारी केबल पडून असते. त्याच केबलला नवी कॅट ६ नेटवर्क केबल बांधून ओढली तर अनेकदा भिंत न फोडता ती दुसऱ्या टोकाला निघते. विजेच्या पाइपमधून मात्र ती नेऊ नये. अशी केबल १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस दोन्ही दिशांना एकाच वेळी नेते, पाळी न लावता. मेशचा बेडरूममधला डबा या केबलला जोडला की वरच्या हिशेबातले २०० मायक्रोसेकंद हवेतून निघूनच जातात; उरतात फक्त फोनचे २०. कोकणात नवं जांभ्याचं घर बांधायला काढलं असेल, तर गवंड्याला आत्ताच सांगा: माजघरापर्यंत एक रिकामा पाइप, आत ओढायला दोरी घालून.