जंबो फ्रेम आणि एमटीयूची तफावत

१५०० बाइटांहून अधिक डेटा वाहून नेणाऱ्या इथरनेट फ्रेमला, म्हणजे नेटवर्कवरच्या डेटाच्या पाकिटाला, जंबो फ्रेम म्हणतात. एका फ्रेममधल्या डेटाची कमाल मर्यादा म्हणजे एमटीयू; जंबोसाठी बहुतेक ठिकाणी ती ९००० बाइट ठेवतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अल्टिऑन नेटवर्क्स या कंपनीने हा आकार पुढे आणला. एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीचा ८ केबीचा ब्लॉक हेडरसकट त्यात मावतो. आयईईई ८०२.३ या इथरनेटच्या मानकात मात्र तो कधीच आला नाही, त्यामुळे जो तो आपल्या पद्धतीने मोजतो. विंडोजच्या अनेक ड्रायव्हरांत १४ बाइटांचे हेडर धरून ९०१४ लिहितात, सिस्कोच्या नेक्सस स्विचवर ९२१६ दिसते, लिनक्सवर सरळ ९०००. हे तिन्ही आकडे एकत्र बिनतक्रार चालतात. स्विचची मर्यादा सर्व्हरहून मोठी असली तर काही बिघडत नाही. लहान असली की घोळ सुरू होतो.

या बिघाडाचे लक्षण फसवे असते. साधे पिंग जाते, एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन होते, एनएफएस माउंटही होते. पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळे जागच्या जागी थांबते. टीसीपी या प्रोटोकॉलची जोडणी छोट्या पॅकेटांवर होते. तेव्हा दोन्ही सर्व्हर एकमेकांना ८९६० बाइटांचा एमएसएस (हेडर वजा जाता एका पॅकेटमधला कमाल डेटा) कळवतात, मधल्या स्विचला कोणी विचारत नाही. राउटरने ‘पॅकेट मोठे आहे’ असा निरोप आयसीएमपी या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलने पाठवला असता; ही सोय आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने १९९० मध्ये सांगितली. स्विच असा निरोप देत नाही, मोठी फ्रेम मुकाट्याने टाकून देतो. फायरवॉलने आयसीएमपी अडवले असेल तर राउटर असूनही तीच गत होते. याउलट एका सर्व्हरवर १५०० आणि दुसऱ्यावर ९००० असेल, तर टीसीपी लहान एमएसएस धरून निभावून नेते आणि फटका असा आकार आधी न ठरवणाऱ्या यूडीपी प्रोटोकॉलला बसतो. म्हणून ‘वेब चालते आहे’ हा पुरावा धरू नये.

खरी कसोटी म्हणजे तुकडे करण्यास मनाई करून पाठवलेले ८९७२ बाइटांचे पिंग: ९०००मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा. लिनक्सवर त्यासाठी ‘-एम डू -एस ८९७२’ (एम कॅपिटल), विंडोजवर ‘-एफ -एल ८९७२’, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर व्हीएमके-पिंगला ‘-डी -एस ८९७२’. आयपीव्ही६साठी आकडा ८९५२. मनाईचा पर्याय विसरला तर पॅकेटचे तुकडे होऊन ते पोचते आणि खोटा दिलासा मिळतो. उत्तर नीट वाचावे. लिनक्सने लगेच ‘मेसेज टू लाँग’ म्हटले आणि एमटीयू १५०० दाखवला, तर बहुधा आपल्याच इंटरफेसची सेटिंग राहिली आहे. काहीच उत्तर आले नाही पण १४७२ बाइटांचे पिंग जाते, तर दोष वाटेत किंवा पलीकडच्या टोकाला आहे. मग एकेक टप्पा घेऊन, दोन्ही दिशांनी तपासावे. स्विचच्या पोर्टवर ‘जायंट्स’चा (मर्यादेहून मोठ्या फ्रेमांचा) आणि सर्व्हरवर ईथटूल कमांडच्या आकडेवारीत लांबीच्या चुकांचा काउंटर वाढतो का, तेही पाहावे.

सर्वांत चिवट प्रकार बाँड केलेल्या, म्हणजे अनेक केबली मिळून एक धरलेल्या, जोडण्यांत आढळतो. दोन केबली दोन स्विचना जातात आणि एकाच स्विचवर जंबो सुरू असते. कोणती जोडणी कोणत्या केबलीवर जाईल हे पत्त्यांवरून काढलेला हॅश हा आकडा ठरवतो, त्यामुळे काही क्लायंट सुरळीत चालतात, काही अडकतात. अशा वेळी प्रत्येक केबल एकेकटी ठेवून पिंग करण्याला पर्याय नाही. सर्व्हरच्या आतही एमटीयू कमी होऊ शकतो: लिनक्सचा ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) सामान्यतः आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान एमटीयू धरतो, व्हीलॅनचा (एकाच नेटवर्कातल्या वेगळ्या आभासी भागाचा) इंटरफेस मूळ कार्डाच्या एमटीयूहून मोठा होऊ शकत नाही, आणि फ्रेम दुसऱ्या पॅकेटात गुंडाळणारे व्हीएक्सलॅन ५० बाइट खाते.

जंबो फ्रेम फक्त स्टोरेज किंवा व्हीएम (आभासी मशीन) हलवण्याच्या वेगळ्या व्हीलॅनवर ठेवणे शहाणपणाचे. इंटरनेटकडे जाणारा इंटरफेस १५००वरच असावा. १ गिगाबिटच्या भरलेल्या जोडणीवर सेकंदाला सुमारे ८१,००० फ्रेम लागतात त्या जंबोने सुमारे १३,८०० होतात, पण आज टीएसओ आणि जीआरओ या पॅकेटे तोडण्या-जोडण्याच्या सोयींमुळे प्रोसेसरवरचा बराच भार आधीच हलका होतो. लिनक्सवर ‘आयपी लिंक’ कमांडने बदललेला एमटीयू रीबूटनंतर टिकत नाही. तो नेटप्लॅन किंवा नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत लिहावा आणि रीबूट करून ८९७२चे पिंग पुन्हा चालवावे.