फुल रेंज, बारका आवाज

वायरलेस माइकच्या रिसीव्हरवर रेंज फुल, बॅटरी भरलेली, नट दहा फुटांवर उभा. तरी हेडफोनमध्ये त्याचा आवाज खोल गेलेला आणि मागे बारीक सूंऽऽ चालू. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात लघुपट, वेब मालिका नाहीतर लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या कुठल्याही पोरांना विचारा, हे झाल्यावर पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. "आवाज बारका येलाय बघ, बॅटरी बदल की." बॅटरी बदलून होते. मग अँटेना वर करा. मग फ्रीक्वेन्सी बदलून बघा. तेवढ्यात येळ्ळूरच्या गडावरचं ऊन उतरतं आणि आवाज आहे तिथेच.

या तिन्ही उपायांचा रोख रेडिओवर आहे. बिघाड मात्र बहुतेक वेळा रेडिओत नसतोच.

हा गैरसमज आपल्याकडे कुठून आला असावा, याचा माझा एक अंदाज आहे. सीमाभागात सांगली आणि धारवाड आकाशवाणी मध्यम लहरींवर ऐकत कितीतरी घरं वाढली. त्या प्रक्षेपणात, म्हणजे एएममध्ये, आवाज रेडिओलहरीच्या उंचीवर बसवलेला असतो. लहर अशक्त झाली की आवाज बसतो, संच जरा फिरवला की उठतो. ती सवय हाताला राहिली. पण चित्रीकरणात वापरले जाणारे बहुतेक अॅनालॉग वायरलेस माइक एफएमवर चालतात. तिथे आवाज असतो तो लहरीच्या वारंवारतेच्या हेलकाव्यात. नट जोरात बोलला की हेलकावा मोठा, कुजबुजला की लहान. लहर उंच आली की ठेंगणी, याचा आवाजाच्या मोठेपणाशी संबंधच राहत नाही. रेंज गेली तर खरखर वाढेल, आवाज तुटेल, शेवटी रिसीव्हर तोंड मिटून घेईल. पण आवाज हळूहळू बारका होणार नाही. डिजिटल वायरलेसचंही तसंच, फक्त तिथे खरखरीऐवजी थेट तुकडे पडतात. बॅटरीचीही गोष्ट वेगळी नाही. बऱ्या ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे माइक जोडून नटाच्या अंगावर लावतात त्या डबीत, व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट असतं, त्यामुळे बॅटरी उतरते तसतसा आवाज उतरत नाही. तो एकदम जातो.

तेव्हा बारका आवाज शोधायचा तो माइक, वायर आणि सेटिंग यांत.

मुळात माइकमधून निघतं किती? साधं संभाषण एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबल भरतं. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे छातीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर लावलेल्या कॉलर माइकपाशी तो ७२च्या आसपास पोचतो. ९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल दाब. आपले ७२ त्याच्या २२ डेसिबल खाली, म्हणजे ०.०८ पास्कल. कॉलर माइकची संवेदनक्षमता पास्कलला २० मिलिव्होल्ट धरली, तर हाती येतात जेमतेम १.६ मिलिव्होल्ट. व्यावसायिक ध्वनियंत्रांची लाइन लेव्हल असते १.२३ व्होल्ट, सुमारे पावणेआठशे पट. हे अंतर भरून काढायला जवळजवळ ५८ डेसिबल गेन, म्हणजे वाढ, लागतो. डेसिबलचा हिशेब डोक्यात ठेवायला सोपा आहे: ६ म्हणजे व्होल्टेज दुप्पट, २० म्हणजे दहापट.

बातमीदार हातात धरतात तो डायनॅमिक माइक घेतला तर पास्कलला दीड-दोन मिलिव्होल्टच. बूमच्या, म्हणजे लांब काठीच्या, टोकाला लावायचा चांगला शॉटगन माइक याच मापात २५ मिलिव्होल्टपर्यंत जातो. तेव्हा काल शॉटगन लावलेल्या ट्रान्समीटरवर आज डायनॅमिक माइक चढवला आणि गेनला हात लावला नाही, तर आवाज वीसएक डेसिबलने पडणारच. काहीही बिघडलेलं नसताना!

आता हा गेन द्यायचा कुठे? कॅमेऱ्यात, रेकॉर्डरमध्ये, नाहीतर एडिटिंगला बसल्यावर, कुठेही देता येतो, आणि लोक देतातही. हीच खरी चूक. रेडिओच्या वाटेला स्वतःची खरखर असते आणि ती आवाजात मिसळते ट्रान्समीटरनंतर. ट्रान्समीटरमध्ये आवाज २० डेसिबलने कमी घेतला आणि पुढे तेवढाच वाढवला, तर ही खरखरही २० डेसिबलने वर येते. गेलेली पातळी परत मिळते, पण सोबतीला ती सूंऽऽ घेऊन. म्हणून गेन पहिल्या ठिकाणीच पुरता द्यायचा. अॅनालॉग वायरलेसमध्ये याचं आणखी एक कारण आहे. ट्रान्समीटर आवाजाचा पल्ला निम्म्यावर दाबून पाठवतो आणि रिसीव्हर तो पुन्हा दुप्पट करतो; शहापूरच्या मागावरचं लांब लुगडं घडी घालून पेटीत द्यावं आणि घरी नेऊन घडी मोडावी, तसं. या युक्तीने ८० डेसिबलचा आवाज ४० डेसिबलच्या वाटेतून जातो. पण मुळात आवाजच बारका दिला तर तो वाटेतल्या खरखरीला चिकटून जातो, आणि घडी मोडताना प्रत्येक शब्दामागे खरखर उठते, बसते, पुन्हा उठते. असा श्वास घेणारा आवाज डबिंगशिवाय सुधारत नाही.

हल्ली ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर, म्हणजे बारीक आणि मोठा दोन्ही आवाज न बिघडवता नोंदवणारे, आल्यापासून "गेनची चिंता नको" असं सर्रास ऐकू येतं. त्या रेकॉर्डरच्या आत ते खरं आहे. पण खरखर त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच मिसळलेली असेल, तर तो ती खरखरही तितक्याच इमानदारीने नोंदवतो. ट्रान्समीटरच्या पोटातच ३२ बिट रेकॉर्डिंग करणारे छोटे संच निघालेत, तिथे हा दावा बराचसा टिकतो.

शोध घ्यायला एक जागा सगळ्यात सोयीची: ट्रान्समीटरवरचा आवाजाचा मीटर. बहुतेक रिसीव्हरवर दोन मीटर असतात, आरएफ आणि एएफ. पहिला रेंजचा, दुसरा आवाजाचा. आणि सगळा गट टक लावून बघत असतो तो पहिल्याकडे. नटाला बोलायला लावा आणि ट्रान्समीटरचा आवाजाचा मीटर बघा. तिथेच तो तळाला असेल तर दोष माइक, वायर किंवा ट्रान्समीटरच्या सेटिंगमध्ये. तिथे भरपूर हलतोय आणि कॅमेऱ्यात मात्र मरगळ, तर दोष रिसीव्हरच्या पुढे. एवढ्यात निम्मी साखळी बाद होते. पुढे एका वेळी एकच वस्तू बदलायची. माइक, वायर आणि सेटिंग एकदम बदलली, तर आवाज आला तरी कशामुळे आला ते कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ.

सेटिंगचा दोष आपल्याकडे कसा येतो ते बघण्यासारखं आहे. लग्नसराईत हाच ट्रान्समीटर मंडपवाल्याच्या मिक्सरला जोडलेला असतो. तिथून येते लाइन लेव्हल, माइकच्या शेकडो पट. आवाज फाटू लागतो, म्हणून कुणीतरी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ट्रान्समीटरचा गेन, पार खाली नेतं. ट्रान्समीटर बंद केला तरी ती तशीच लक्षात ठेवतो. दोन दिवसांनी लघुपटाच्या सेटवर त्याला कॉलर माइक लागतो आणि आवाज गायब. त्यात काही ट्रान्समीटरवर हा आकडा ० पासून उणे ६० पर्यंत असतो, आणि तो वाढ नव्हे तर कपात सांगतो. उणे १२ वरून उणे ३० वर गेलं की "आकडा वाढवला" असं वाटतं. प्रत्यक्षात आवाज आठपटीने उतरलेला असतो. ज्याने हा मेनू आखला त्याला एकदा आमच्याकडच्या मे महिन्यातल्या मंडपात उभं करायला हवं.

दुसरा मोठा दोष जॅकचा. कॉलर माइकच्या आत असते इलेक्ट्रेट कॅप्सूल. १९६२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी ती घडवली, आणि कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्यामुळे कंडेन्सर माइक स्वस्त आणि लहान झाला. पापुद्र्याला बाहेरून व्होल्टेज लागत नाही. पण त्याच्यामागे एक चिमुकला ट्रान्झिस्टर असतो, त्याला थोडे व्होल्ट लागतातच, आणि ते त्याच वायरमधून ट्रान्समीटर पुरवतो. ते न मिळाल्यास माइक मुका होतो किंवा लांबून बोलल्यासारखा येतो. ३.५ मिलिमीटरचा जॅक सगळीकडे सारखाच दिसतो, आतली जोडणी मात्र कंपनीगणिक वेगळी. काहींमध्ये टोकावर माइक आणि मधल्या कड्यावर लाइन असते. जोडणी चुकली की माइक लाइनच्या वाटेला जातो, आणि तिथे त्याला वीज मिळत नाही. मोबाइलसाठीचा चार भागांचा जॅक तीन भागांच्या सॉकेटमध्ये बसतो खरा, पण त्याचा माइक वेगळ्याच कड्यावर असतो. बाजारात "सगळ्याला चालतो" म्हणून मिळणाऱ्या कॉलर माइकवर माझा म्हणूनच भरवसा नाही.

बूमच्या मागे एक्सएलआरला, म्हणजे तीन पिनांच्या माइक-जोडणीला, थेट बसणारा ट्रान्समीटर वापरत असाल, तर तो ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे वायरमधूनच माइकला जाणारी वीज, देतो का, हे विकत घेतानाच बघावं. सगळे देत नाहीत. देणाऱ्यांतही ते मेनूमधून चालू करावं लागू शकतं.

रिसीव्हरच्या पुढचे दोष त्या मानाने सरळ. रिसीव्हरचं आउटपुट माइक लेव्हलवर आणि कॅमेऱ्याचं इनपुट लाइनवर, असं झालं की आवाज तळाला जातो. दोन्ही टोकं एका पातळीवर आणली की झालं. कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद करायचा, नाहीतर नट गप्प झाला की तो मागचा रस्ता आणि कुत्री वर ओढून आणतो. एक दोष मात्र चकवतो. बॅलन्स्ड वायरमध्ये एकच आवाज सुलट आणि उलट असा दोन तारांवर येतो. चुकीच्या केबलने यातली एक तार कॅमेऱ्याच्या डाव्या आणि दुसरी उजव्या बाजूला गेली, तर हेडफोनमध्ये आवाज ऐकू येतो, जरासा विचित्र, पण येतो. तोच व्हिडिओ मोबाइलच्या एका स्पीकरवर लावला की दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो नुसता गाळ. एडिटिंगमध्ये एकच बाजू ठेवली तर संवाद वाचतो.

गेन लावताना नटाला "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणायला लावू नये. ते सगळे एकाच सपाट सुरात म्हणतात आणि प्रसंगात मात्र बापावर ओरडतात. दृश्यातलं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य म्हणून घ्यावं, ट्रान्समीटरचा मीटर तिथे वरच्या टोकाच्या जरा खाली राहील असा गेन द्यावा, आणि मग रेकॉर्डरवर (० म्हणजे मीटरचं वरचं टोक) बोलणं सरासरी उणे २० डेसिबलच्या आसपास, उसळ्या उणे १०च्या जवळ, असं बसवावं. हेडफोनचा आवाज वाढवून समाधान मानू नये. हेडफोनची नॉब रेकॉर्डिंग वाढवत नाही.

उरला पाऊस. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला, खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, जूनपासून हवा इतकी ओली असते की एसी गाडीतून काढलेल्या थंडगार माइकवर लगेच दव धरतं. कॅप्सूलचं तोंड एक-दोन मिलिमीटरचं. घामाचा किंवा मेकअपचा एक थेंब त्यावर बसला की आधी स, श, च यांची धार जाते आणि मग सगळाच आवाज बसतो. माइकची टोपी काढून कोरडी करायची, रात्री माइक सिलिका जेलच्या डबीत ठेवायचा. आणि माइक उलटा, तोंड खाली करून लावला तरी चालतो: बहुतेक कॉलर माइक सगळ्या दिशांनी सारखंच ऐकतात, त्यामुळे आवाज कमी होत नाही, गळ्यावरून ओघळणारा घाम माइकच्या तोंडात शिरत नाही, आणि नाकातला श्वासही थेट त्यावर आदळत नाही.