अमेरिकेतली नामांकित खासगी विद्यापीठे: छापील फी, मिळणारी मदत आणि घरातून खरोखर जाणारे पैसे

बारावीनंतर मुलामुलींना पदवी शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवायचा विचार करणाऱ्या पालकांसाठी हे माहितीपत्रक आहे. एमएस आणि एमबीएचे गणित वेगळे असते, ते इथे घेतलेले नाही.

आमच्याकडे येणारे बहुतेक पालक वेबसाइटवरची फी बघून यादी करतात आणि सर्वांत महागडी नावे आधी खोडतात. नेमके तिथेच चुकते. ज्या विद्यापीठांची छापील फी सर्वांत जास्त, त्यांच्यापैकी अनेकांकडे मदतीचा निधीही मोठा असतो. मध्यम उत्पन्नाच्या भारतीय कुटुंबाला हार्वर्ड एखाद्या कमी प्रसिद्ध खासगी विद्यापीठापेक्षा कितीतरी स्वस्त पडू शकते. प्रवेश मिळणे अर्थातच फार अवघड आहे, पण फीची भीती हे अर्जच न करण्याचे कारण होऊ नये.

छापील आकडा कसा वाचावा

हार्वर्डचे 2025-26 चे उदाहरण घेऊ. ट्यूशन फी 59,320 डॉलर. राहणे, जेवण आणि इतर शुल्के धरून विद्यापीठाचे बिल 86,926 डॉलर. आधीच्या वर्षी हेच बिल 82,866 होते, म्हणजे एका वर्षात सुमारे 4.9 टक्के वाढ. या बिलात आरोग्यविमा, पुस्तके, हातखर्च आणि विमानभाडे नाही. आरोग्यविम्याचे अनेक ठिकाणी वर्षाला साधारण चार हजार डॉलर होतात आणि बहुधा तो विद्यापीठाचाच घ्यावा लागतो. दोन विद्यापीठांची तुलना करताना दोन्हीकडे हे सगळे खर्च धरले आहेत ना, हे आधी तपासा. एकाने फक्त बिल दाखवलेले असते, दुसऱ्याने वरखर्चासकट अंदाज दिलेला असतो, आणि आठ-दहा हजारांचा फरक नुसता मांडणीमुळे दिसतो.

मदत कोणाला, कशावर

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि बाकीची आयव्ही लीग विद्यापीठे, तसेच एमआयटी, गुणांवर शिष्यवृत्ती देत नाहीत. मदत फक्त कुटुंबाच्या गरजेवर. हार्वर्डमध्ये 2025-26 पासून वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल आणि मालमत्ता त्या उत्पन्नाला साजेशी असेल, तर विद्यापीठाच्या बिलापोटी पालकांना काही भरावे लागत नाही. दोन लाखांपर्यंत ट्यूशन फी माफ. एमआयटीच्या मर्यादाही साधारण अशाच आहेत. प्रिन्स्टनने पूर्ण माफीची मर्यादा दीड लाखांवर नेली आहे. हार्वर्डचे नियम परदेशी विद्यार्थ्यांनाही तेच आहेत. डॉलर हिशेबापुरता 90 रुपये धरला, तर एक लाख डॉलर म्हणजे 90 लाख रुपये. पुण्या-नाशकातली किती कुटुंबे या रेषेच्या आत येतात, ते तुम्हीच बघा.

दुसरा प्रश्न असा की, मदत मागितल्याने प्रवेशाची संधी कमी होते का? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन इथे परदेशी अर्जदारांनाही प्रवेश देताना पैशांकडे बघत नाहीत. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन, कॉर्नेल इथे परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे हे निवड करताना लक्षात घेतात. निवड झाली की मात्र गरज, म्हणजे कुटुंबाला परवडेल ती रक्कम सोडून उरलेला खर्च, पूर्ण भागवतात. या चार ठिकाणचा नियम ठळक लक्षात ठेवा: अर्ज करतानाच मदत मागितली नाही, तर नंतरच्या वर्षांतही मिळत नाही. "आधी प्रवेश मिळू दे, मग बघू" हा सल्ला इथे चार वर्षांना महागात पडतो. पहिल्या वर्षाचे पैसे कसेबसे जमतील आणि पुढचे माहीत नाही, अशी स्थिती असेल तर सुरुवातीलाच मागा.

कॉर्नेलमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे. तीही गरजेवरच मिळते आणि एका वेळी साधारण वीस विद्यार्थी तिचा लाभ घेत असतात.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत जन्मलेली, नागरिकत्व तिथले, पण कुटुंब आता इथे राहते, असेही पालक आमच्याकडे येतात. त्या मुलांना परदेशी धरत नाहीत. त्यांनी फाफ्सा हा अमेरिकी सरकारच्या मदतीचा अर्जही भरायचा, आणि पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी तो भरता येतो.

गुणांवरची शिष्यवृत्ती आणि गरजेवरची मदत: चौथ्या वर्षी काय होते

पैशांचा हिशेब सर्वांत जास्त इथे चुकतो, म्हणून आकडे नीट मांडतो. मुलीला दोन पत्रे आली आहेत आणि दोन्हीकडे पहिल्या वर्षी घरातून 45,000 डॉलर जाणार आहेत, असे समजा.

पहिल्या विद्यापीठाचा एकूण खर्च 85,000 आणि गुणांवर शिष्यवृत्ती 40,000. ही रक्कम बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये ठरलेली असते, चार वर्षे तेवढीच. खर्च दरवर्षी 4 टक्के वाढला, तर घरातून जाणारी रक्कम 45,000, 48,400, 51,936 आणि 55,613 अशी चढते. एकूण 2,00,949 डॉलर. खर्च चौथ्या वर्षापर्यंत साडेबारा टक्के वाढला, पण तुमचा वाटा साडेतेवीस टक्क्यांहून जास्त वाढला, कारण वाढीचा सगळा भार तुमच्यावर आला.

दुसरे विद्यापीठ पूर्ण गरज भागवणारे. तिथे खर्च वाढला तशी मदतही वाढते. कुटुंबाची स्थिती तीच राहिली, तर चार वर्षांचे मिळून साधारण 1,80,000 डॉलर. फरक जवळजवळ 21,000 डॉलरचा, म्हणजे 90 च्या भावाने 19 लाख रुपयांच्या आसपास. पहिल्या वर्षाचा आकडा मात्र दोन्ही पत्रांवर एकच होता. रुपयाची घसरण यात धरलेली नाही. ती दोन्हीकडे लागेल. गुणांवरच्या शिष्यवृत्तीला बहुधा किमान जीपीएची (सरासरी गुणांकाची) अटही असते. पहिल्या सत्रात गुण घसरले तर काय होते, हे पत्रात शोधा. नसेल तर लेखी विचारा.

उलट बाजूही सांगायला हवी. गरजेवरची मदत दरवर्षी नव्याने ठरते. मधल्या काळात घर विकले, आईने पुन्हा नोकरी धरली, तर वाटा वाढतो.

सीएसएस प्रोफाइल भरताना

गरजेवर मदत देणारी बहुतेक नामांकित खासगी विद्यापीठे कुटुंबाच्या आर्थिक स्थितीची माहिती देणारा कॉलेज बोर्डाचा हा अर्ज मागतात. तो 1 ऑक्टोबरला खुला होतो. पहिल्या विद्यापीठाला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. शुल्क परवडत नसेल, तर विद्यापीठाला ईमेल करून माफीचा कोड मागा. काही जण देतात.

चलन एकदा निवडले की सगळे आकडे त्याच चलनात द्यायचे. रुपये निवडून डॉलरचे आकडे भरले, तर वर्षाला अठरा लाख कमावणारे कुटुंब वीस हजार रुपयांवर जगताना दिसते, आणि मग खुलासे मागवणारी पत्रे सुरू होतात. प्राप्तिकर विवरणपत्राच्या वर्षाचाही असाच गोंधळ होतो. असेसमेंट इयर 2025-26 म्हणजे 2024-25 चे उत्पन्न. विद्यापीठाने कोणते वर्ष मागितले आहे ते वाचून त्याच वर्षाचे विवरणपत्र आणि फॉर्म 16 जोडा.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवावेच लागते. जमीन आजोबांच्या नावावर असेल, तर ती तुमची मालमत्ता नाही. सातबाऱ्यावर भावांसोबत तुमचेही नाव असेल, तर फक्त तुमचा हिस्सा दाखवा आणि खुलाशाच्या जागेत दोन ओळी लिहा: एकत्र मालकी, वाटप झालेले नाही, सहज विकता येत नाही. सातबारा आणि बँकेचे मराठी कागद इंग्रजी भाषांतरासह द्यावे लागतात.

राहत्या घराची किंमत हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड धरत नाहीत. इतर अनेक ठिकाणी धरतात. दुसरा फ्लॅट सगळीकडे धरला जातो. मुलाच्या नावावरची एफडी साधारणपणे पालकांच्या ठेवींपेक्षा बऱ्याच जड दराने मोजतात. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम, ग्रॅच्युइटी किंवा घरविक्रीचे पैसे एखाद्या वर्षी एकदम आले असतील, तर ते एकदाचेच आहेत हे कागदांसह कळवा. नाही कळवले, तर तेच तुमचे नेहमीचे उत्पन्न समजले जाते.

लपवू नका. पुढे आय-20 (व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे प्रमाणपत्र) आणि व्हिसासाठी पैशांचे पुरावे द्यायचे असतात. तिथले आकडे आणि इथले आकडे जुळले नाहीत तर मदत जाते, कधी प्रवेशही जातो.

मदतीचे पत्र आल्यावर

पत्रातली एकूण रक्कम बघून आनंद होतो, पण तिचे तुकडे करा. ग्रँट परत करायची नसते. लोन परत करायचे असते. काम म्हणून दाखवलेली रक्कम मुलीला कॅम्पसवर कमवायची आहे; एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते आणि पैसे पगाराने, हळूहळू येतात. ऑगस्टच्या बिलात ते वापरता येत नाहीत. एकूण खर्चातून फक्त ग्रँट वजा करा. उरलेल्याची तयारी तुम्हाला करायची आहे.

कराची एक बाब फारसे कोणी सांगत नाही. ट्यूशन फीपुरती ग्रँट अमेरिकेत करमुक्त असते, राहण्या-जेवणापोटीची नसते. त्या भागावर 14 टक्के कर कापला जाऊ शकतो आणि विद्यार्थ्याच्या खात्यावर तो बाकी म्हणून दिसतो. भारत-अमेरिका करकराराच्या कलम 21(2) मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळते. म्हणून विद्यापीठाकडून येणारा 1042-एस फॉर्म (ग्रँट आणि कापलेला कर दाखवणारा) जपून ठेवा आणि 1040-एनआर हे अमेरिकेचे विवरणपत्र भरून परतावा मागा.

मदत अपुरी वाटली, तर एप्रिलमध्येच फेरविचाराचा अर्ज करा. होकार 1 मेपर्यंत द्यायचा असतो. नुसते "परवडत नाही" लिहून उपयोग नाही. आजारपणाची बिले, धाकट्या भावाची कॉलेजची फी, नोकरी गेल्याचे पत्र, असे काहीतरी नवीन कागदावर हवे.

पैसे पाठवताना

भारतातून एक व्यक्ती एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवू शकते. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर अजिबात नाही. आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून पाठवल्यास प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र मोजली जाते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

पहिल्या भेटीला येताना दोघांची दोन वर्षांची विवरणपत्रे, फॉर्म 16, सर्व खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स, सातबारा किंवा घराची कागदपत्रे आणि चालू कर्जांचे हप्ते दाखवणारा कागद आणा. सप्टेंबर संपायच्या आत आलात, तर 1 नोव्हेंबरची मुदत असलेल्या लवकरच्या प्रवेश-अर्जांनाही वेळ पुरतो.