झाड तहानेने मरतं की उपासमारीने? दुष्काळात वाळणाऱ्या झाडांची पार्श्वभूमी

मार्च-एप्रिलमध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलं की डोंगरउतार तपकिरी दिसतात आणि बरोबरचं कोणी ना कोणी म्हणतंच की जंगल मेलं वाटतं. मेलेलं काही नसतं. मुंबईत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबर, पुढचे आठ महिने कोरडे, आणि साग, पांगारा, काटेसावर ही मंडळी त्याला सरावलेली आहेत, सरळ पानं टाकून मोकळी होतात. टाकायच्या आधी पानातला नायट्रोजन मागे ओढून घेतात, हिरवा रंग मोडतो, देठाशी एक थर तयार होतो आणि पान सुटतं. खऱ्या दुष्काळात मरणाऱ्या झाडाला एवढं आवरायला वेळ मिळत नाही, पान जागच्या जागी करपतं आणि फांदीलाच लटकून राहतं. त्यामुळे खाली पडलेल्या पानांचं टेन्शन नको, वर चिकटून राहिलेल्या तपकिरी पानांचं घ्या. खात्री करायची तर बारीक फांदीची साल नखाने खरवडायची, खाली हिरवट ओलं दिसलं तर जीव आहे, खटखटीत कोरडं लागलं तर ती फांदी गेली.

रंग हा सगळ्यात शेवटी दिसतो, गडबड त्याच्या कितीतरी आधी आत सुरू झालेली असते, आणि आत काय होतं हे कळायला फार वर्षं गेली. 1727 मध्ये एका इंग्रज पाद्र्याचं पुस्तक आलं, त्याने कुंडीतलं सूर्यफूल रोज वजन करून पानांतून किती पाणी उडतं ते मोजलं होतं. 1894 मध्ये डब्लिनच्या दोघांनी सांगितलं की झाडात पंपबिंप काही नाही, पानातून पाणी उडतं तेच खालचं पाणी वर खेचतं, म्हणजे खोडातलं पाणी कायम ताणलेलं असतं. बऱ्याच जणांना ते पटलंच नाही, पाणी असं ताणलं जातं का म्हणे. 1965 मध्ये स्टीलच्या बंद डब्यात तोडलेली डहाळी ठेवून, कापलेल्या टोकाला पाणी दिसेपर्यंत गॅसचा दाब देऊन हा ताण सरळ मोजला गेला, त्यात खारफुटीही होती. माहीमच्या खाडीतली तिवरं घ्या, पाय सतत पाण्यात, पण पाणी समुद्राचं, ते मुळात ओढून घ्यायलाच हवेच्या दाबाच्या पंचवीसेक पट ओढ लागते. पुढच्याच वर्षी, 1966 ला, वाळत चाललेल्या एरंडाच्या पानाला मायक्रोफोनसारखं यंत्र लावलं तर टिक टिक असे आवाज पकडले गेले. पानातला पाण्याचा एकेक धागा तुटत होता त्याचे ते आवाज.

विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की मोटार फिरते पण पाणी येत नाही, झाडात तेच होतं, फरक इतकाच की इथे पाणी भरून प्रायमिंग करून देणारं कोणी नसतं. जमीन सुकत जाते, वरून ऊन ओढत राहतं, ताण वाढतो आणि एका वाहिनीत, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या बारीक नळीत, हवा शिरली की शेजारच्या वाहिन्यांत पसरायला लागते. झाड त्यावर पहिला उपाय करतं, पानावरची छिद्रं बंद करतं. पाणी वाचतं, पण त्याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, तो थांबला की अन्न बनणं थांबलं, मग साठवलेल्या साखर-स्टार्चवर दिवस काढायचे.

इथूनच तो वाद सुरू होतो जो अजून पूर्ण मिटलेला नाही. 2002-03 मध्ये अमेरिकेच्या नैऋत्येला पिन्यॉन नावाचे बुटके पाइन डोंगरच्या डोंगर तपकिरी होऊन मेले आणि त्यांच्याच शेजारचे जुनिपर बऱ्यापैकी तगले. पिन्यॉन छिद्रं लवकर बंद करतो, जुनिपर बराच काळ उघडी ठेवतो. त्यावरून 2008 मध्ये मांडणी आली की छिद्रं बंद करणारं झाड उपाशी मरतं आणि उघडी ठेवणारं तहानेने मरतं. ऐकायला इतकं सोपं वाटलं की सगळीकडे तेच चाललं, जसे काही दोन रकानेच, कुठल्या तरी एकात झाड टाका. मग झाडांमध्ये प्लास्टिकच्या पन्हाळी लावून निम्म्याच्या आसपास पाऊस अडवून बघितला, पिन्यॉन मेलेच, पण त्यांच्या वाहिन्यांतही हवा भरलेली निघाली आणि साठाही घटलेला. म्हणजे दोन्ही.

आता हा लॅबमधला वाद आहे असं वाटेल, तर 2012-13 चा मराठवाडा आठवा. जायकवाडी तळाला गेलेलं आणि जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, माझ्या मते झाडं आतून कशी मरतात हे तेव्हा जितकं उघड दिसलं तितकं आपल्याकडे आधी कधी दिसलं नव्हतं. मोसंबीवाले एरवी स्वतःच झाडाला ताण देतात, आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून थोडी गळली की पाणी सोडायचं आणि फूल फुटतं. हलक्या जमिनीत ताण कमी दिवसांत बसतो, काळ्या भारी जमिनीत जास्त दिवस लागतात, हे तिथल्या म्हाताऱ्यांना पान बघून कळतं. त्या वर्षी ताण देणं हातात होतं, पाणी सोडून तो संपवणं नव्हतं. विहिरी आटलेल्या, बोअर हजार फुटाच्या खाली, टँकरचं पाणी विकत.

तेव्हा सगळ्यात जास्त भांडण झालं ते छाटणीवरून. एक सल्ला असा की फळं झाडून टाका, फांद्या कापा, पान कमी म्हणजे पाणी कमी उडेल, खोडाला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, लावा, बुडात उसाचं पाचट अंथरा, उरलेल्या पानांवर ऊन परतवणारी केओलिनची पांढरी माती फवारा. दुसरे म्हणायचे की आधीच उपाशी झाडाचं पान कापलं तर ते खाणार काय, शिवाय उघडं पडलेलं खोड उन्हात भाजतं, साल फाटते, डिंक गळणारा डिंक्या रोग आणि खोडकिडा ठरलेलाच. म्हणजे तहानवाले कापा म्हणत होते आणि भूकवाले राखा, नावं वेगळी पण वाद तोच. मला विचाराल तर फळं झाडणं आणि पाचट याबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही, कारण त्यात पाणीही वाचतं आणि साठाही. छाटणी मात्र वेळेचा प्रश्न आहे, फेब्रुवारीत हलकी केली तर उपयोग, मे मध्ये वाहिन्या तुटल्यावर कापणं म्हणजे मेलेलं लाकूड कमी करणं. बऱ्याच ठिकाणी मे मध्येच केली गेली, मग शेवटी कुऱ्हाडच लावली, आणि पाचट मिळायला अडचण नव्हती कारण ऊस त्याही वर्षी उभा होता, असो.

पुढे 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि त्याच महिन्यात वानखेडेच्या पिचला पाणी मारायचं की नाही यावर मुंबईत कोर्टबाजी झाली. त्या गोंधळात झाडांबद्दल कोणी बोललं नाही, माणसं आणि जनावरं आधी, ते बरोबरच आहे. पण बाग म्हणजे पाच-सहा वर्षं थांबून मिळालेली कमाई असते, सोयाबीनसारखी पुढच्या जूनमध्ये परत पेरता येत नाही.

वादाचा निकाल म्हणायचा तर 2017 मध्ये वेगवेगळ्या प्रयोगांतली मेलेली झाडं एकत्र मांडून बघितली गेली. जवळपास सगळ्यांत वाहिन्यांची पाणी नेण्याची क्षमता साठ टक्के किंवा जास्त गेलेली होती, साठा घटलेला मात्र काहींतच होता. तहानेचं पारडं जड झालं, तरी भुकेला सोडता येत नाही कारण साठा नसेल तर झाड किडीशी लढत नाही. कॅलिफोर्नियात 2012 ते 2016 च्या दुष्काळाच्या सुमारास 12.9 कोटी झाडं गेली, त्यात साल पोखरणाऱ्या भुंग्यांचा मोठा हात होता, तहानलेल्या पाइनकडे त्यांना बाहेर ढकलायला पुरेसा चीकच नव्हता. आणि 2012 चाच एक जागतिक आढावा सांगतो की तपासलेल्या 226 जातींपैकी सत्तर टक्के जाती तुटायच्या अगदी काठावरच रोजचं काम चालवतात, पावसाळी जंगलातल्याही. भरपूर पावसात वाढलेलं झाड म्हणजे सेफ असं काही नाही.

मुंबईत दुष्काळ पडत नाही असं आपण म्हणतो, पण बुंध्याला चिकटून काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक असले की पाऊस गटारात जातो आणि मुळांना जुलैतही दुष्काळच. 2010 नंतरच्या वर्षांत रेन ट्री एकामागून एक वाळले तेव्हा सगळा दोष पिठ्या ढेकणावर गेला, ढेकूण होताच, पण तो चढला तेव्हा झाड आधीच कोणत्या अवस्थेत होतं हे कमी विचारलं गेलं. आणि पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मे मध्ये, ऐन कोरड्यात, फांद्या पडून अपघात नकोत म्हणून त्याच झाडांची छाटणी होते, रस्त्याच्या बाजूची अख्खी अर्धी फांदोरी एका दिवसात खाली. जालन्यातला तोच वाद इथेही घालता येईल, इथे तो घातला जात नाही, वॉर्डाची गाडी येते आणि कापून जाते.