अंतराळवीर कोणाला म्हणायचे?

'ॲस्ट्रोनॉट'मधला 'नॉट' ग्रीक 'नाउटेस'वरून आला. त्याचा अर्थ खलाशी. आपल्या 'नौका', 'नौदल' यांतला 'नौ' याच घराण्यातला. बलूनमधून उडणाऱ्यांसाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस 'एरोनॉट' रूढ झाला होता. त्याच साच्यात पुढे 'ॲस्ट्रॉन' म्हणजे तारा बसवला गेला. १८८० मध्ये इंग्रज लेखक पर्सी ग्रेग यांच्या कादंबरीत मात्र हे नाव माणसाचे नव्हे, यानाचे होते.

डिसेंबर १९५८ मध्ये 'नासा'त दोन शब्द समोर होते. उपप्रशासक ह्यू ड्रायडन यांचा कल 'कॉस्मोनॉट'कडे होता; यातला 'कॉसमॉस' म्हणजे विश्व, अवकाश. उड्डाण अवकाशात होणार, ताऱ्यांवर नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण बहुतेक सहकाऱ्यांना 'ॲस्ट्रोनॉट' आवडला आणि तोच ठरला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि 'कॉस्मोनॉट' सोव्हिएत ओळख बनला. कामात फरक नाही, फरक देशाचा. पुढे फ्रेंचांचा 'स्पासिओनॉट', चिनी प्रवाशांसाठी 'तायकोनॉट' आणि भारतीयांसाठी 'व्योमनॉट' आले. व्योम संस्कृत, शेपूट ग्रीक! 'गगनयान'मुळे आता 'गगनयात्री' पुढे आला आहे.

मराठीतला 'अंतराळ' म्हणजे मुळात मधली जागा; म्हणून मंदिरात गर्भगृह आणि सभामंडप यांना जोडणाऱ्या भागालाही अंतराळच म्हणतात.

खरी ओढाताण उंचीवरून आहे. अंतराळ कुठून सुरू होते, यासाठी आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ १०० किलोमीटरची रेषा मानतो, अमेरिकी हवाई दल ५० मैलांची, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची. एक्स-१५ या रॉकेट विमानातून ५० मैल ओलांडणाऱ्या लष्करी वैमानिकांना अंतराळवीराचे पदकचिन्ह मिळाले. 'नासा'चे मुलकी वैमानिक जो वॉकर १९६३ मध्ये दोनदा १०० किलोमीटरच्याही वर गेले, तरी त्यांना ते मिळाले नाही. मिळाले २००५ मध्ये, मरणोत्तर.

खासगी उड्डाणे सुरू झाल्यावर नुसती उंची पुरेनाशी झाली. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने आपल्या पदकचिन्हासाठी (ते देणे २०२१च्या अखेरीस बंद झाले) अट घातली: व्यक्ती चालकदलातली हवी, आणि उड्डाणात तिने सार्वजनिक सुरक्षेसाठी आवश्यक किंवा मानवी अंतराळ प्रवास अधिक सुरक्षित करणारे काम केलेले हवे. तिकीट काढून दहा-अकरा मिनिटांत परतणाऱ्याला मराठीत 'अंतराळ पर्यटक' म्हणणेच नेमके. 'वीर' लावायची घाई नको. कक्षेत जाऊन अंतराळ स्थानकावर महिनोन्‌महिने काम करणाऱ्यांबाबत हा प्रश्न येत नाही, कारण ते स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते.